फ्लूची लस घेताना खोक्यावर आधी हंगाम वाचा, मग मुदत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मधुमेह, दमा, हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी दरवर्षी फ्लूची लस घ्यावी, हे वाक्य आता बहुतेकांच्या कानावरून गेले आहे. पण कोणत्या महिन्यात घ्यायची, दुकानातल्या दोन खोक्यांपैकी कोणते उचलायचे, रोजच्या गोळ्यांचे काय करायचे, हे कोणी नीट समजावून सांगत नाही, आणि पैसे खर्चून घेतलेली लस वाया जाते ती नेमकी इथेच. म्हणून पत्र लांबले तरी छापावे, ही विनंती.

आधी वेळेविषयी. युरोप-अमेरिकेत फ्लू हिवाळ्यात येतो, त्यामुळे तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लस घेतात. इंटरनेटवर सापडणारा सल्ला बहुतेक तिथलाच असतो. महाराष्ट्रात फ्लू वर्षातून दोनदा डोके वर काढतो, एकदा पावसाळ्यात आणि एकदा जानेवारी ते मार्चच्या दरम्यान. २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला तो ३ ऑगस्टला. २०१५ ची साथ मात्र वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत भडकली. त्या एका वर्षात देशात ४२,५९२ रुग्ण आणि २,९९० मृत्यू नोंदले गेले. लस टोचल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात आणि पुढच्या काही महिन्यांत ते हळूहळू उतरत जाते. तेव्हा आपल्याकडे योग्य काळ म्हणजे एप्रिलअखेरपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा. वारीला जाणाऱ्यांनी, आणि वारीत साठी ओलांडलेले, बीपी-शुगरच्या गोळ्या बरोबर बाळगणारे हजारोंनी असतात, पालखीच्या प्रस्थानाआधी किमान दोन आठवडे लस घेतलेली असावी. मुक्कामाच्या गावी दाटीवाटीने झोपताना ती उपयोगी पडेल. मे हुकला म्हणून वर्ष सोडून देऊ नये. जुलैत घेतलेली लसही गणपतीच्या गर्दीआधी काम करू लागते.

आता खोक्याकडे वळू. फ्लूचा विषाणू सतत रूप बदलतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना लशीत कोणते वाण घालायचे हे वर्षातून दोनदा ठरवते. फेब्रुवारीत ठरते ती उत्तर गोलार्धाची लस आणि सप्टेंबरमध्ये ठरते ती दक्षिण गोलार्धाची. कारखान्यातून बाहेर पडायला पुढे सहा-एक महिने जातात. त्यामुळे दक्षिण गोलार्धाची लस आपल्याकडे साधारण एप्रिल-मे महिन्यांत येते आणि उत्तर गोलार्धाची पावसाळ्याच्या उत्तरार्धात किंवा त्यानंतर. नकाशावर आपण उत्तर गोलार्धात असलो तरी पावसाळ्याआधी घ्यायची ती त्या वर्षाची दक्षिण गोलार्धाचीच, कारण त्या वेळी सर्वांत ताजी तीच असते.

गफलत इथेच होते. एप्रिलमध्ये मेडिकलच्या फ्रिजमध्ये मागच्या ऑक्टोबरची उत्तर गोलार्धाची खोकी उरलेली असू शकतात. त्यांवरची मुदत अजून संपलेली नसते, म्हणून दुकानदारही निःशंकपणे देतो आणि घेणाराही घेतो. पण मुदत सांगते की लस अजून खराब झालेली नाही. आतले वाण चालू हंगामाचे आहेत की नाहीत, हे ती सांगत नाही. त्यासाठी खोक्यावर छापलेला हंगाम वाचावा लागतो. ‘२०२४-२५’ असे जोडवर्ष किंवा ‘एन. एच.’ ही अक्षरे असली तर ती उत्तर गोलार्धाची. एकटे वर्ष आणि ‘एस. एच.’ असले तर दक्षिण गोलार्धाची. शंका राहिली तर वाणांची नावे पाहावीत. ‘ए/व्हिक्टोरिया/४८९७/२०२२’ या नावात विषाणूचा प्रकार, नमुना सापडला ते ठिकाण, नमुन्याचा क्रमांक आणि वर्ष, या क्रमाने माहिती असते. फरक कसा पडतो ते पाहा. अंड्यांत वाढवलेल्या विषाणूपासून बनणाऱ्या लशींपैकी २०२४-२५ च्या उत्तर गोलार्धाच्या लशीत एच३एन२ (फ्लूच्या ‘ए’ विषाणूचा एक उपप्रकार) चा थायलंडचा वाण होता, तर २०२५ च्या दक्षिण गोलार्धाच्या लशीत त्या जागी क्रोएशियाचा आला. बाकीचे दोन वाण तेच राहिले. एखाद्या वर्षी काहीच बदलत नाही आणि जुन्या खोक्याने फारसे बिघडत नाही, पण ते आधी ओळखता येत नाही. दुकानात नवी खोकी आली नसतील तर दहा-पंधरा दिवस थांबावे. जून उजाडला आणि तरीही नवी मिळत नसेल, तर मुदतीतली जुनी घेणे हे काहीच न घेण्यापेक्षा बरे.

‘तीन घटकांची, म्हणजे तीन वाणांची, घेऊ की चार?’ हा प्रश्नही हल्ली वारंवार येतो. चौथा घटक होता ‘बी’ प्रकारातील यामागाता या शाखेचा. मार्च २०२० नंतर ही शाखा जगात कुठेही खात्रीने सापडलेली नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या सप्टेंबरपासून ती वगळायला सांगितले. तेव्हा तीन घटकांची लस म्हणजे स्वस्तातली किंवा कमी दर्जाची लस, असे नाही. चार घटकांची मिळाली तरी नुकसान नाही, मात्र तिच्यासाठी जादा पैसे मोजण्याचे किंवा वाट पाहत बसण्याचे कारण उरलेले नाही.

नावांचा आणखी एक घोळ आहे. लहान मुलांना सरकारी कार्यक्रमात मिळणाऱ्या पेंटाव्हॅलंट लशीत ‘हिमोफिलस इन्फ्लुएन्झा’ हा घटक असतो. नावात इन्फ्लुएन्झा असले तरी तो एक जिवाणू आहे, फ्लूशी त्याचा संबंध नाही. दमेकरी किंवा थॅलेसेमियाच्या मुलाचे लसीकरण कार्ड दाखवून ‘इन्फ्लुएन्झाची झाली आहे’ असे पालक सांगतात तेव्हा ती बहुधा हीच असते. न्यूमोनियाची लस म्हणजे न्यूमोकोकस या जिवाणूविरुद्धची, तीही वेगळी. फ्लूची दरवर्षी घ्यावी लागते, न्यूमोकोकसची दरवर्षी नसते. दोन्ही एकाच दिवशी, वेगवेगळ्या दंडांत घेता येतात. कोविडच्या लशीचे कितीही डोस झालेले असले तरी त्यांनी फ्लूपासून बचाव होत नाही.

बहुतेक खासगी दवाखान्यांत लस ठेवलेली नसते. ‘मेडिकलमधून घेऊन या, टोचून देतो’ असे सांगितले जाते. ही लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवी, आणि मे महिन्यातल्या दुपारी स्कूटरच्या डिकीत काय तापमान असते हे सांगायला नको. आधी दवाखान्यात डॉक्टर आहेत ना, हे फोनवर विचारावे, मगच लस घ्यावी आणि तडक तिथे जावे. नेताना थर्मासमध्ये किंवा जाड पिशवीत बर्फाच्या पाकिटासोबत ठेवावी, पण खोके बर्फाला चिकटू देऊ नये, मध्ये वर्तमानपत्राची जाड घडी असावी. उन्हाने तापलेल्या लशीची भीती सर्वांना असते, गोठलेल्या लशीची कोणाला नसते. गोठून पुन्हा वितळलेली लस दिसायला अगदी पहिल्यासारखीच असते, पण ती फेकून द्यावी लागते. घरी ठेवायची वेळ आलीच तर फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवावी. दारातही नको, बर्फाच्या कप्प्याला लागूनही नको. गावात वीज तासन्‌तास जात असेल तर घरी ठेवूच नये. जनित्र असलेल्या रुग्णालयातच घ्यावी.

टोचण्याच्या दिवशी उपाशीपोटी जायचे नसते. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या घेणाऱ्यांनी नेहमीसारखे खाऊन, नेहमीची औषधे घेऊन जावे. मोठ्या माणसाला ०.५ मिलिलिटर, दंडाच्या वरच्या स्नायूत, एकच डोस. बाही नुसती वर सारून भागत नाही. घट्ट बाहीच्या ब्लाऊजमुळे किंवा शर्टामुळे जागा नीट दिसत नाही, सुई खांद्याच्या सांध्याजवळ फार वर बसते आणि मग महिनोन्‌महिने खांदा दुखत राहतो. सैल बाहीचे कपडे घालावेत किंवा खांदा पूर्ण उघडा करावा. सुई खांद्याच्या हाडाच्या टोकापासून दोन-तीन बोटे खाली लागली पाहिजे. डायलिसिससाठी ज्या हातात फिस्तुला (शीर आणि धमनी यांचा शस्त्रक्रियेने केलेला जोड) केली आहे तो हात सोडून दुसऱ्या हातावर घ्यावी. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील तर तीही बाजू टाळावी. हे टोचणाऱ्याला आपणहून सांगायला हवे, कारण ओपीडीच्या गर्दीत ते विचारले जाईलच असे नाही.

रोजच्या औषधांविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण सर्वांत महागात पडणाऱ्या चुका इथेच होतात. बीपी, थायरॉइड, कोलेस्टेरॉल, मधुमेह यांच्या गोळ्यांत काहीही बदल करायचा नसतो. टीबीचे उपचार चालू असताना किंवा एचआयव्हीची औषधे घेत असतानाही ही लस घेता येते. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल या रक्तात गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या कधीही बंद करू नयेत. स्टेंट असलेल्या रुग्णाने सुईच्या भीतीने ही गोळी दोन दिवस सोडणे फ्लूपेक्षा अधिक धोक्याचे आहे. वॉरफॅरिन किंवा ॲसिनोकुमॅरॉल, म्हणजे बोलीतली रक्त पातळ करण्याची गोळी घेणाऱ्यांनी शेवटचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारी तपासणी) अहवाल बरोबर न्यावा. तो ठरलेल्या मर्यादेत असेल तर बारीक सुईने लस घेता येते. नंतर त्या जागी कापूस दोन मिनिटे घट्ट दाबून धरावा. चोळायचे मुळीच नाही, चोळल्याने स्नायूत रक्त साकळते. डायलिसिसच्या रुग्णांनी, त्यांना दिल्या जाणाऱ्या हेपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधामुळे, लस डायलिसिस सुरू होण्याआधी किंवा मधल्या सुट्टीच्या दिवशी घ्यावी.

संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांची गोष्ट जरा वेगळी आहे. ही गोळी आठवड्यातून एकदा घेतात आणि ती लशीला मिळणारा प्रतिसाद कमी करते. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, आजार आटोक्यात असेल तर लस घेतल्यानंतरचे दोन आठवडे ही गोळी थांबवावी. आधी नव्हे, नंतर. आणि हा निर्णय आपल्या डॉक्टरांनी घ्यायचा आहे. सांधे सुजलेले असताना परस्पर गोळी बंद केली तर आजार पुन्हा उसळतो. इतर बहुतेक प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू ठेवूनच लस घेतात. त्यांपैकीच रिटक्सिमॅब या औषधाचे इंजेक्शन जवळ आले असेल तर आधी लस आणि किमान दोन आठवड्यांनी इंजेक्शन, असा क्रम बसवता येतो का, ते विचारावे. केमोथेरपीआधीही शक्य असेल तर दोन आठवड्यांचे अंतर ठेवतात. ते शक्य नसेल तर दोन चक्रांच्या मध्ये कधी घ्यायची, ते कर्करोगतज्ज्ञ ठरवतात. अशा रुग्णांत लस तशीही कमी चढते. म्हणून घरातल्या प्रत्येकाने, नातवंडांसकट, ती घेतली तरच रुग्णाभोवती खरे कुंपण उभे राहते. नाकात फवारायची लस मात्र जिवंत, अशक्त केलेल्या विषाणूची असते. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी, दमेकऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी ती घेऊ नये. या सर्वांसाठी टोचायची लसच योग्य.

टोचायच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्यापासून फ्लू होऊ शकत नाही. दंड दुखणे, कणकण, अंग मोडून येणे हे एक-दोन दिवस चालते, त्याला पॅरासिटॅमॉल पुरते. शुगर एखादा दिवस थोडी वर दिसू शकते, तेवढ्यासाठी इन्सुलिनचा डोस मनाने वाढवू नये. लस घेतली आणि आठ दिवसांतच ताप आला, असे होते तेव्हा एक तर संरक्षण अजून तयार झालेले नसते किंवा तो ताप दुसऱ्याच विषाणूचा असतो. पावसाळ्यात असे विषाणू पुष्कळ असतात. वाण जुळलेल्या वर्षीही लस साधारण चाळीस ते साठ टक्के बचाव करते, त्याहून अधिकाचे आश्वासन कोणी देऊ नये. तरीही आम्ही ती इतक्या आग्रहाने का सांगतो? कारण दीर्घकालीन आजार असलेल्याला फ्लू मारतो तो बहुधा त्याच्या मूळ आजाराच्या वाटेने. कॅनडातील ओंटारिओ प्रांतातल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की, तपासणीत फ्लू सिद्ध झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता सुमारे सहापट होते. २०२१ मध्ये आठ देशांतल्या, त्यांत बांगलादेशही होता, सुमारे अडीच हजार रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातील बहुतेकांना नुकताच झटका येऊन गेला होता. निम्म्यांना रुग्णालयातच फ्लूची लस दिली गेली, निम्म्यांना नुसते मिठाचे पाणी टोचले. वर्षभरात मृत्यू, पुन्हा झटका किंवा स्टेंटमध्ये गुठळी यांपैकी काहीतरी झालेल्यांचे प्रमाण लस घेतलेल्यांत ५.३ टक्के होते, तर न घेतलेल्यांत ७.२ टक्के. ॲन्जिओप्लास्टी करून घरी निघालेल्या किती रुग्णांच्या कागदावर आपल्याकडे ही लस लिहिली जाते, हे हृदयरोगतज्ज्ञांनी एकदा पाहावे.

लस कोणी घेऊ नये? आधीच्या फ्लूच्या लशीने किंवा तिच्यातल्या एखाद्या घटकाने जीवघेणी ॲलर्जी झाली असेल त्याने. पूर्वी ही लस घेतल्यावर सहा आठवड्यांच्या आत गियाँ-बारे, म्हणजे पायांपासून वर चढत जाणारा अशक्तपणा, झाला असेल त्याने तज्ज्ञाला विचारल्याशिवाय घेऊ नये. सडकून ताप असेल किंवा दम्याचा जोरदार झटका चालू असेल तर तो ओसरू द्यावा. साध्या सर्दीसाठी पुढे ढकलू नये. अंड्याची ॲलर्जी हे आता कारण राहिलेले नाही, पण ती आहे हे सांगावे, आणि कोणतीही लस घेतल्यावर अर्धा तास तिथेच बसावे.

मुलांसाठी एक वेगळा हिशेब आहे. सहा महिने ते आठ वर्षे या वयातल्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदा फ्लूची लस देताना चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. दमा, जन्मजात हृदयदोष, थॅलेसेमिया, सिकलसेल, टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांचा पहिला डोस त्यासाठी एप्रिलअखेर किंवा मेच्या पहिल्या आठवड्यातच व्हायला हवा, म्हणजे दुसरा शाळा सुरू होण्याआधी बसतो.

परदेशी मुलांकडे जाणाऱ्या आई-वडिलांसाठी एवढेच, की मे महिन्यात इथे लस घेऊन ऑक्टोबरमध्ये अमेरिकेला पोहोचणाऱ्यांनी तिथल्या हंगामाची लस घ्यावी का, हे तिथल्या डॉक्टरांना विचारावे. दोन डोसांत किमान चार आठवडे हवेत, ते तर होऊन गेलेलेच असतात. पासष्टच्या पुढच्यांसाठी तिथे जास्त मात्रेची लस मिळते.

लस घेऊनही ताप, खोकला, घसादुखी झाली तर दीर्घकालीन आजार असलेल्याने ‘बघू दोन दिवस’ म्हणू नये. ओसेल्टामिविर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केले तर सर्वाधिक उपयोगी पडते. सरकारी वर्गवारीत अशा जोखमीच्या रुग्णाची लक्षणे सौम्य असली तरी तो ‘ब-२’ गटात मोडतो आणि घशाच्या स्रावाच्या अहवालाची वाट न पाहता त्याला औषध सुरू करता येते. मोठ्या माणसाची नेहमीची मात्रा ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस. मूत्रपिंडाचा आजार असेल तर ती कमी करावी लागते, म्हणून शेवटचा क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा) अहवाल डॉक्टरांसमोर ठेवावा. धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे, गुंगी येणे यांपैकी काही दिसले तर घरी थांबायचे नाही, थेट रुग्णालय गाठायचे.

शेवटी राज्याच्या आरोग्य विभागाला एक मागणी. २०१५ च्या साथीनंतर महाराष्ट्राने गरोदर माता, मधुमेह व उच्च रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांना सरकारी रुग्णालयांतून ही लस मोफत द्यायला सुरुवात केली. फ्लूची लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नसताना राज्याने उचललेले हे पाऊल मोलाचे होते. बाहेर एका डोसला हजाराहून अधिक रुपये मोजावे लागतात, आणि ज्या घरात महिन्याच्या गोळ्यांचाच खर्च जड जातो तिथे ही लस घेतली जात नाही. या यादीत आता डायलिसिसचे, सीओपीडीचे (फुफ्फुसांचा दीर्घकालीन आजार), कर्करोगाचे आणि गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांतले सिकलसेलचे रुग्णही यावेत. साठा एप्रिलअखेर प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचावा, कारण लस ऑगस्टमध्ये आली तर अर्धा पावसाळा वाया गेलेला असतो. वेगळे शिबिर भरवण्याची गरज नाही. बीपी-शुगरचा रुग्ण दर महिन्याला गोळ्या न्यायला केंद्रात येतोच. मे महिन्यातल्या त्या फेरीत गोळ्या देणाऱ्या खिडकीवरच त्याला विचारावे, तिथेच लस द्यावी, आणि केसपेपरवर तारीख, बॅच क्रमांक व लशीचा हंगाम लिहावा. औषधविभागाबाहेरच्या फळ्यावर आज फ्लूची लस आहे की नाही, आणि असेल तर कोणत्या हंगामाची, एवढे दोन शब्द रोज सकाळी लिहिले तरी म्हाताऱ्या माणसांचा एक हेलपाटा वाचेल.

आपले,
दीर्घकालीन आजारांच्या बाह्यरुग्ण विभागात काम करणारे काही डॉक्टर आणि परिचारिका